उंबऱ्यानंतरची पावलं

सिनेमात बाई चालताना दिसते तेव्हा पाय तिचे असतात, पण पावलांचा आवाज पुष्कळदा दुसऱ्याच कुणाचा असतो. माझ्या तरुणपणी तो बऱ्याच वेळा माझा असे.

आमच्या लहानशा स्टुडिओत जमिनीवर चौकोन आखलेले होते. एकात वाळू, एकात खडी, एकात लाकडी फळ्या, एकात फुटक्या फरश्या. समोर पडद्यावर नटी चालायची आणि तिच्यासारखे बूट घालून मी त्या चौकोनांत चालायची. काचेपलीकडे माझी थोरली बहीण आवाज टिपत बसलेली असे.

"तू चालत नाहीस गं, भांडायला निघतेस," ती म्हणायची. "बाई दमलेली आहे. तिला पोचायची घाई नाही."

मी पुन्हा चालायची. ताईचा शब्द शेवटचा असे, कारण तिच्यासारखे कान मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. पातळ कागद चुरगाळून आग पेटवणं, जुनं चामडी पाकीट पिळून खुर्ची करकरवणं, हे त्या धंद्यात सगळेच करतात. ताई दाराचा आवाज ऐकून सांगायची की हे दार रोज उघडलं जात नाही.

एकदा तिच्याकडे एक तरुण दिग्दर्शक आला. त्याच्या सिनेमात माणूसच नव्हता. एक रिकामं घर आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतींवरून सरकणारं ऊन, एवढंच. त्या घरात एक बाई राहते हे फक्त आवाजातून कळायला हवं होतं.

"जमेल?" त्यानं विचारलं.

"दिसली असती तर अवघड होतं," ताई म्हणाली.

मी त्या बाईचा सबंध दिवस स्टुडिओत चालले. तिचे कपडे पिळले, कपाटं उघडली, भांडी विसळली. ताईनं ते सगळं ऐकलं आणि मान हलवली. "फार स्वच्छ आहे. हा आवाज त्या भिंतींना ओळखत नाही."

मग तिनं जे केलं ते आमच्याकडे तोवर कुणी केलेलं मला माहीत नाही. माझे आवाज टेपवर घेऊन आम्ही त्याच घरात गेलो. स्पीकर स्वयंपाकघरात ठेवला, माइक बाहेरच्या खोलीत. आत माझी पावलं वाजवायची आणि बाहेर ती पुन्हा टिपायची. परत आलेला आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला, तो कौतुकानं. माझी पावलं त्या घराची झाली होती. त्यांत ओल होती, भिंतीची जाडी होती, मधल्या दारावरचा पडदासुद्धा होता. आजही मी ते आठवून मनातल्या मनात तिला नमस्कार करते.

आणि हे ती एका कानानं करत होती. डावा कान पार गेला होता, उजवाही चालला होता. दिग्दर्शकाला याचा पत्ता नव्हता. कळलं असतं तर त्यानं काम काढून घेऊन सिनेमाभर संगीत ओतलं असतं. तशी भाषा तो अधूनमधून करायचाच. "एवढं एक माझ्या कानांनी पुरं होऊ दे," ताई म्हणायची. "मग खुशाल दगड होऊ देत."

भर दुपारी रस्ता निवांत असे, तेव्हा आम्ही काम करायचो. दार आतून लावलेलं, आम्ही दोघी माइकच्या मागे भिंतीला टेकून. एका दुपारचं ध्वनिमुद्रण ऐकताना मी थबकले. माझी मूळ पावलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबत होती, तसंच ठरलं होतं. नव्या टेपवर ती उंबरा ओलांडून पुढे आली होती.

प्रतिध्वनी असेल, मी म्हटलं. टेप गुंडाळून ठेवली की एका थरातला आवाज कधी कधी शेजारच्या थरात उतरतो, तेही असेल. मी दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावून तपासल्या. प्रतिध्वनी माझ्याच पावलांचा असायला हवा होता. ही पावलं माझी नव्हती. यांतला एक पाय किंचित ओढला जात होता.

"दमलेली आहे," ताई हळूच म्हणाली. "बघ, तुला जमत नव्हतं ते."

आम्ही पुन्हा टिपलं. या वेळी पावलं खोलीच्या मध्यापर्यंत आली. त्यानंतरच्या वेळी ती माइकपाशी येऊन थांबली. टिपताना स्पीकरमधल्या माझ्या पावलांखेरीज आम्हाला काहीही ऐकू आलं नव्हतं.

मी टेप बंद करायला हात पुढे केला. ताईनं तो धरला.

"थांब. बोलतेय."

"ताई, संपलंय सगळं."

"डावीकडे आहे ती."

तिच्या डाव्या कानावर हेडफोन होता, उजवा तिनं सरकवून ठेवला होता. मी तिच्याकडून तो घेऊन कानाला लावला. काही नाही. टेपची नुसती खरखर.

पण यंत्रावरचा काटा हलत होता. कुणी बोलताना हलतो तसा, मध्ये श्वास घ्यायला थांबत.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"कामाचं," ताई म्हणाली आणि तिनं हेडफोन परत घेतला.

त्यानंतर तिनं माझी सगळी पावलं काढून टाकली. मला राग आला नाही. नवी पावलं ऐकली असतीत तर तुम्हालाही आला नसता.

दिग्दर्शक अखेरचं ऐकायला आला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटाकडे एक लांब जागा होती. तिथं मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि काटा मात्र हलत होता. इथं तो संगीत मागणार, ताईला काही विचारणार आणि तिचं बिंग फुटणार.

ती जागा संपेपर्यंत तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "राहू दे असंच."

जाताना त्यानं दार जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

पहिला खेळ एका छोट्या थिएटरात झाला. तोवर ताईचा उजवा कानही गेला होता. मी तिच्या उजवीकडे बसले. तिच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती, बैठक वर दुमडलेली.

शेवटच्या भागात पावलं आली.

आमच्या रांगेच्या टोकाच्या माणसानं पाय आत घेतले. पडद्यावरची नजर न काढता.

त्याच्या शेजारणीनं गुडघे वळवले.

मग तिच्या शेजारच्यानं.

ताईनं खुर्चीच्या हातावरचं कोपर उचललं आणि जागा करून दिली.

मी वाकून पाहिलं. डावीकडच्या खुर्चीची बैठक खाली झाली होती.

पडद्यावर ऊन सरकत होतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. ताई डावीकडे झुकून मान डोलावत होती. एकदा तर ती हसली.

दिवे लागले. लोक उठले, खुर्च्या खाडखाड वर झाल्या. दिग्दर्शक समोरून हात हलवत होता, लोक टाळ्या वाजवत होते. ताईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

मग तिच्या डावीकडची खुर्ची सावकाश वर झाली. अगदी जवळ होते मी. आवाज झाला नाही.

ताईनं कपाळाला आठी घातली.

"बिजागरीला तेल हवंय," ती म्हणाली.