गहाण छत्री

दारावर थाप पडली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. कसंबसं दार उघडलं, तर पावसात एक उंच तरुण उभा. काळी छत्री, चिखलाने माखलेले बूट, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

“सान बियाजो चर्चची चावी इथे मिळते म्हणे?”

“मिळते. पण गहाण काय ठेवता?”

तो गोंधळला. आमच्या कास्तेलब्रुनो या डोंगरावरच्या गावात सगळ्या चर्चच्या चाव्या आमच्याच घरी असतात, पणजोबांपासून. न्यायची तर काहीतरी ठेवून न्यायची, आणि चावी परत करून आपली वस्तू सोडवायची. हा नियम बिशपलाही चुकला नाही. त्याची टोपी एकदा दुपारभर आमच्या खुंटीवर होती.

“हृदय चालेल?” तो हसला.

“नको बाई! ते सांभाळायला इथे कुणाला सवड आहे? छत्री ठेवा.”

“या पावसात?”

“मग उद्या या.”

त्याने मुकाट्याने छत्री दिली आणि ती वीतभर लांब लोखंडी चावी कोटाखाली धरून चढण चढू लागला. वळणापर्यंत पोचेतो पार भिजला. मला राहवेना – पिठाच्याच हातांनी छत्री उघडून मी मागे धावले.

“एर्सिलिया, अगं गहाण वस्तू ती!” बाबा आतून ओरडले. त्यांना दिसत नाही, पण कळतं सगळं.

त्याचं नाव रुज्जेरो. एका छत्रीत दोघं कशी मावणार? मावलो. मग रोज एक चर्च, रोज तोच पाऊस, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलंच नाही. संतांच्या चित्रांपेक्षा तो भिंतीच जास्त न्याहाळायचा, भेगांवरून हळूच बोट फिरवायचा. मला वाटलं, असतो एखाद्याला जुन्याचा नाद. माझ्याकडे बघताना मात्र भिंती विसरायचा... ते डोळे करडे होते, धुक्यासारखे, आणि मी त्यांत पुरती हरवले होते.

शनिवारी आम्ही पुन्हा सान बियाजोत गेलो. छतातून पाणी बादलीत ठिबकत होतं.

“मी चर्च बघायला नव्हतो आलो, एर्सिलिया,” तो म्हणाला. “सरकारने भेगा तपासायला पाठवलंय मला. हे छप्पर यंदाचा बर्फ पेलणार नाही. उद्यापासून हे बंद... चावी मला खाली शहरात जमा करायचीय.”

याच दारातून माझ्या आईला शेवटचं बाहेर नेलं होतं.

“पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर चावी दिली असतीस?”

“चावी दिली असती. छत्री घेऊन मागे धावले नसते!”

त्याने मान खाली घातली.

“माझ्याबरोबर चल,” तो हळूच म्हणाला. “प्रेम आहे माझं तुझ्यावर.”

माझंही होतं. तेच तर दुखत होतं. “आणि बाबांना कुठे टाकू? त्यांना या गावाच्याच पायऱ्या पाठ आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चावी न्यायला आला. बाबा ती मांडीवर घेऊन बसले होते.

“गहाण काय ठेवतोस?”

“बाबा, ती परत यायची नाहीये...”

“तुला नाही विचारलं. बोल रे पोरा.”

“छप्पर झालं की मी स्वतः आणून देईन,” रुज्जेरो म्हणाला.

“सरकारी छप्पर? तोवर मीच वर स्वर्गात जाऊन सान बियाजोला भेटलेला असेन! शब्द नको, वस्तू ठेव.”

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. छत्री मिटून खुंटीला अडकवली, चावी उचलली आणि पावसात बाहेर पडला.

“भिजतोय?” थोड्या वेळाने बाबांनी विचारलं.

“हो.”

“मग जा ना. देऊन ये छत्री.”

मी छत्री काढली, दारापर्यंत गेलेही. खाली वळणावर बस उभी होती. तो डोक्यावर कॉलर ओढून चालला होता, मागे वळून वळून बघत... माझे डोळे वाहत होते. मी परत फिरले आणि छत्री होती तिथे टांगली.

“नाही बाबा,” मी म्हणाले. “भिजू दे त्याला. सोडवून न्यायला यावं लागेल.”