उपाशी कोंबडे आणि पावाचा चुरा

गोणीला रेनकोट आणि माणूस चिंब भिजलेला, असं ध्यान प्रयोगशाळेच्या दारात उभं राहिलं, तेव्हा तिने आधी गोणीलाच हात लावून पाहिला. गोणी ओली असती तर त्याला परत पाठवणं सोपं गेलं असतं. पण ती कोरडी ठणठणीत होती.

“पावाचा चुरा आहे,” तो केस झटकत म्हणाला. “बेकऱ्यांतला शिळा पाव वाळवून दळतो मी. मक्याऐवजी कोंबड्यांना चालेल का, ते तुम्ही सांगता म्हणे.”

“मी नाही, कोंबडे सांगतात. मी नुसतं लिहून घेते.”

“मग त्यांच्याशीच ओळख करून द्या ना... तुमच्याशी झालीच आहे.”

तिने नमुन्याची पिशवी बांधायला घेतली. गाठ उगाचच दोनदा बसली.

कोंबडीखाद्याच्या त्या कारखान्यात दहा वर्षं ती हेच करत होती. खाद्य जाळून त्यातली उष्णता मोजायची. मग तेच खाद्य कोंबड्यांना तोलून भरवायचं, दोन दिवसांची विष्ठा गोळा करायची, वाळवून तीही जाळायची आणि वजाबाकी करायची. अंगी लागलं तेवढंच खरं. आत्या म्हणायची, “मुलगी कोंबड्यांची शी जाळते म्हटल्यावर स्थळं उंबऱ्यावरूनच वळतात.” वळायची ती वळोत, असंच तिला वाटायचं.

हा मात्र वळेना. रोज काहीतरी विचारायला हजर. मालकांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं – तीस तारखेपर्यंत आकडा मक्याच्या जवळपास आला तर चुरा घेऊ, नाहीतर विषय संपला. आणि त्याने तिला सांगितलं होतं, विषय संपला तर चक्की विकून तो लांबच्या शहरात भावोजींच्या दुकानात बसणार.

“तिथे ताई दिवसातून दोनदा माझं लग्न लावते,” तो म्हणाला होता. ती हसली होती, पण घरी जाताना ते हसू काही टिकलं नव्हतं.

शुक्रवारी तिने त्याला पिंजऱ्यांची खोली दाखवली. “एवढे गप्प का हे?” त्याने विचारलं. ती सांगणार, तोच फोन वाजला आणि ती बाहेर गेली.

चाचणी झाली. आकडा आला तो मक्याच्या पार खाली. तिने पुन्हा जाळलं, पुन्हा वजा केलं. तोच. तीस तारखेला दोन दिवस उरले होते. पेन हातात होतं... थोडा वर लिहिला, तर कुणाला कळणार होतं? स्वतःचीच भीती वाटून तिने पेन ठेवून दिलं आणि त्याला बोलावलं.

ऐकून त्याने पिंजऱ्यांच्या खोलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “शुक्रवारी... तुम्ही फोनवर होतात ना, तेव्हा मी त्यांना थोडा चुरा टाकला.”

“कुणाला?”

“सगळ्यांनाच. त्या तांबड्याला दोनदा. भांडी रिकामी होती हो, मला वाटलं पिंजऱ्यांवरचे काका विसरले. पोटात कावळे ओरडत असल्यासारखे बघत होते.”

तिने डोळे मिटले. “मुद्दाम उपाशी ठेवले होते. आधीचं पोटात काही नको म्हणून. तुमच्या त्या न तोललेल्या मुठींची विष्ठासुद्धा तुमच्याच चुऱ्याच्या नावावर गेली. धोंडा पाडून घेतलात पायावर – आणि तोही किती मायेने.”

“मग आहे तो आकडा द्या. चूक माझी आहे. माझ्यासाठी काही वाकवू नका.”

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. “हाही आकडा खोटाच आहे. पुन्हा चाचणी घ्यायची. पण कोंबड्यांना पंधरा दिवस विसावा लागतो.”

“आणि तीस तारीख?”

“ती मी बघते.”

मालकांसमोर ती सरळ उभी राहिली. “बाहेरच्या माणसाला आत एकटं सोडलं. चाचणी माझ्यामुळे बिघडली. मुदत वाढवून द्या.”

मालकांनी चष्मा काढला. “दहा वर्षांत तुझी एक चाचणी बिघडली नाही.”

“ही बिघडली.”

“नोंद होईल.”

“होऊ दे.”

मुदत मिळाली. तो रोज संध्याकाळी यायचा, पण खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, पायरीवरच बसायचा. पिंजरे सांभाळणारे काका चिडवायचे, “काय पाववाले, आज कुणाची उपासमार बघवत नाही?”

“आज माझीच चाललीये, काका. कुणी विचारतंय का?”

आतून खोकला यायचा. खोकला कसला, हसूच ते.

दुसरी चाचणी संपली, तेव्हा ती कागद घेऊन पायरीशी आली. तो उठला आणि त्याने तळहात पुढे करून तिला थांबवलं.

“आकडा सांगू नका. आधी मला एक बोलू द्या. नंतर बोललो, तर आकड्याच्या आनंदात किंवा दुःखात बोललो असं होईल.”

“...बोला.”

“तुम्ही मला आवडता. चुरा घेतला तर इथे राहून आवडाल, नाही घेतला तर भावोजींच्या दुकानात बसून. तिथून यायला सहा तास लागतात. दर रविवारी येईन. तुम्ही नको म्हणालात तर... नाही येणार.”

वाऱ्याने कागद फडफडला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

“सहा तास उगाच कशाला बसमध्ये बसायचं,” ती म्हणाली. “मक्याच्या दोन बोटं वर आलाय.”

“म्हणजे...”

“म्हणजे चक्की विकायची नाही.” मग, कागदाकडेच बघत, “आणि आकडा खाली असता, तरी रविवारी मी घरीच असते.”