गच्चीवरची पाच युनिटं

"चोर घावलाय. तू येऊन साक्षीला फक्त सही कर, मग मी पोलिसात जातोय," भूपालकाका फोनवर म्हणाले.

स्नेहल वैतागली. पेठ वडगावात तिनं चाळीस घरांवर सोलर बसवलं होतं, पण आठवड्यात तीनदा बोलावणारं घर हे एकच. दुपारी ती पोचली तेव्हा काका दुकान बंद करून दारातच उभे होते. हातात तक्रारीचा कागद होता.

पॅनेल रोज बारा युनिटं करायची. एप्रिलपासून मोबाईलवर सातच दिसत होती. वापरून उरलेली वीज कंपनीला जायची आणि बिलातून वजा व्हायची. आता काही उरतच नव्हतं.

"चोर कोण?"

"शेजारचा सयाजी. एसी घेतलाय त्यानं. आमच्या वायरवर आकडा टाकला असणार."

"रविवारी पूर्ण बारा दिसतायत की, काका."

"रविवारी दुकान बंद, मी घरात. भितोय तो."

आतून अरुणाकाकू म्हणाल्या, "जाऊ दे की. पाच युनिटांसाठी कशाला पोलीस?"

स्नेहल गच्चीवर गेली. पॅनेलनी सगळी गच्ची व्यापली होती. वायर शाबूत होती. काचा मात्र आरशासारख्या लखलखीत.

"कोण पुसतं?" तिनं खाली येऊन विचारलं.

"मीच. रोज संध्याकाळी," काकू म्हणाल्या.

ती शेजारी गेली. सयाजी घरात डोकं धरून बसला होता. एसी कोपऱ्यात, खोक्यातच.

"पोरीच्या लग्नात पावण्यांसाठी आणलाय, अजून बसवलाबी न्हाय. चोरीची केस झाली तर सोयरीक मोडंल माझ्या पोरीची."

चहाबरोबर त्यानं तळलेल्या पापड्या पुढं केल्या. सगळ्या गोल, पण काहींची एक कड सरळ, जाडसर.

"कुणी केल्या?"

"अरुणावहिनींनी. पोरीच्या रुखवताला दोनशे करतो म्हणाल्यात."

स्नेहल उठली. तसली एक पापडी हातात धरून, सयाजीला घेऊनच ती काकांच्या दारात आली.

"काका, आकडा टाकला असता तर वीज मीटरवर कमी दिसली असती, मोबाईलवर नाही. मोबाईल सांगतो पॅनेल किती वीज करतं ते. म्हणजे चोरी झालीच नाही, वीजच तयार झाली नाही. दिवसभर पॅनेलवर काहीतरी पसरलेलं असतंय, आणि एक झाकलं की जोडीची बाकीचीबी मंदावतात. रविवारी हे बंद, म्हणजे करणारं माणूस तुम्हाला भितंय. आता ही पापडी बघा. उतरत्या काचेवर ओलं पीठ खाली सरकतं आणि कडेच्या पट्टीला अडतं."

काकांनी बायकोकडं पाहिलं. "पॅनेलला हात लावू नको म्हटलं होतं की."

"सगळी गच्ची भरून टाकलीसा. वाळवण कुठं घालायचं? मला इचारलासा?" काकूंचा आवाज चढला, मग एकदम बसला. "प्लॅस्टिक घालूनच वाळवत होते. त्यानं वीज कमी होती हे मला काय ठाऊक? मनात शंका आली तवा तुम्ही पोलिसाचं काढलंत. मग तोंडच उघडंना."

काकांनी कागदाचे चार तुकडे केले. स्वतःचाच एवढा राग त्यांना कधी आला नव्हता.

"सयाजी, चुकलो."

"तीस वर्षांत एकदा तरी तुझं काय उचललं होतं व्हय मी?"

"न्हाय."

सयाजी पायरी उतरला आणि तिथंच थांबला.

"उद्या एसी बसवाय माणूस येणार हाय. तू समोर उभा राहा, भूपाल. वायर कुठनं घेतोय ते डोळ्यानं बघ."

काकांनी मान खाली घातली. "येतो," ते म्हणाले.