अर्जातला धाकटा भाऊ

कर्ज अधिकारी मॅडमना माणूस पारखता येत असे, आणि हे त्यांना स्वतःलाही पुरतं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी डबघाईला आलेल्या एका गल्लीत त्यांनी बारा जणांना कर्ज दिलं, तेव्हा शाखेतले लोक गालातल्या गालात हसले होते. आता त्या गल्लीत पत्र्यांच्या जागी काचा आल्या होत्या. बाराही जणांचे हप्ते तारखेला येत होते. आज सकाळीच मॅडमच्या हातात बढतीचं पत्र पडलं होतं.

शेवटची पाहणी म्हणून त्या सुताराकडे गेल्या. दोन नवी यंत्रं, सहा कारागीर, ताज्या भुशाचा वास. मागच्या खोलीत सुताराची आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"धाकटे भाऊ दिसत नाहीत?" मॅडमनी विचारलं. "अर्ज भरताना नुसती बडबड चालली होती त्यांची."

सुतार हसला. "मी एकुलता एक, मॅडम. दुसऱ्या कोणाचं तरी आठवत असेल."

मॅडमनी फाइल उघडली. कुटुंबात माणसं चार. शेवटचं नाव भावाचं, वय बावीस, खाली त्याची सही.

सुतारानं कागद नीट वाचला. "अक्षर तर तुमचंच दिसतंय," तो अदबीनं म्हणाला.

आईच्या हातात एक शर्ट होता, मुलाच्या अंगात न जाणारा, बारीक खांद्यांचा.

"हा कोणाचा?"

"घरातलाच," म्हातारी म्हणाली. मग ती बराच वेळ त्या शर्टाकडे बघत राहिली.

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या अर्जात बहीण होती, चष्मेवाल्याच्या अर्जात वडील. दोघांनीही हसतमुखानं नाही म्हटलं. कोणी काही लपवत नव्हतं, आणि मॅडमना तेच खटकलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी बाराही घरं पालथी घातली. शाखेत परतून बेरीज केली. अर्जांत त्रेपन्न माणसं होती. आता एक्केचाळीस. दर घरामागे एक कमी.

टेबलावर तेरावा अर्ज होता, वेल्डरचा. समोरच्या बाकावर तो, त्याची बायको आणि दोन मुली बसल्या होत्या. धाकटी पाय हलवत होती.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"हे कर्ज मला देता येणार नाही."

"का?" वेल्डरनं विचारलं. "कागद तर सगळे पुरे आहेत."

"कारण सांगता येत नाही."

"अख्खी गल्ली वर आली," त्याची बायको हळूच म्हणाली. "आम्हीच तेवढे खाली राहायचं का?"

मॅडमनी अर्ज त्यांच्याकडे परत सरकवला. चौघंही उठून गेली. मॅडमनी त्यांना दारातून बाहेर पडताना मोजलं. चार. आपण केलं ते बरोबरच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पर्समधला फोन वाजला.

पडद्यावर अक्षरं होती, 'दादा'.

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना भाऊ नव्हता. कधीतरी चुकून कोणाचा तरी नंबर साठवला गेला असणार.

त्या नंबरावरून सकाळपासून एकोणीस फोन येऊन गेले होते.

त्यांनी फोन कापला आणि नाव पुसून टाकलं.