धिंडीतला सदरा

मला फक्त पुतळा नेऊन द्यायचा होता.

कतारमध्ये, दोह्यात, मराठी मंडळाच्या गिरीशदादांचं नाटक होतं. इंग्रजांच्या काळात शेतसारा वाढवणाऱ्या कलेक्टरचा पुतळा करून गावाने त्याची धिंड काढली, अशी गोष्ट. इंडस्ट्रियल एरियात मी सोफ्यांच्या गाद्या भरतो, म्हणून पुतळ्याचं काम माझ्याकडे आलं. इथे पेंढा मिळत नाही. खाटेखालच्या काळ्या पिशव्यांतले जुने कपडे मी पोटात कोंबले, वरून कोट चढवून शिवला.

शुक्रवारी दुपारी तालीम होती. गाढवाऐवजी चाकांची खुर्ची. पुतळा तिच्यावर उलटा बसवला. हॉलमध्ये एसीचा गारठा.

"यल्ला, चला, हाणा साहेबाला!" गिरीशदादा ओरडले.

पहिली चप्पल पाठीत बसली आणि कोणीतरी हळूच घसा खाकरला.

मी तो आवाज ओळखला. फोरमन शिव्या द्यायचा तेव्हा वली उलट बोलायचा नाही, नुसता असा घसा खाकरायचा. माझ्या शेजारच्या खाटेवरचा वली. दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेला.

मग बामचा वास आला... वलीच्या बामचा.

त्याची आई, जैतूनखाला, रत्नागिरीहून फोनवर म्हणाली होती, "त्याचा एक सदरा न धुता पाठव, बाबा. वास तरी राहील." मी कबूल केलं होतं. तो सदराही काळ्या पिशवीतच ठेवला होता. खाटेखाली.

"थांबा..." मी म्हणालो.

"अरे, लाजतोस काय? तूही हाण एक!" नाटकातला देवीदास हसला.

माझा आवाज कधीच मोठा निघत नाही. खुर्ची हॉलभर फिरली. चपला पडत राहिल्या. प्रत्येक चपलेमागून घसा खाकरल्याचा आवाज येत होता, अगदी हळू, जणू चूक त्याचीच होती.

सगळे चहाला गेल्यावर मी टाके उसवले. सदरा अगदी आत, पोटात होता. पाठीवर घामाने ओला.

तो तसाच गावी जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. चार दिवसांनी खालाचा फोन आला.

"सदरा पोचला. वास आहे त्याचा." मग तिने आवाज खाली आणला. "पाठीवर चपलांचे ठसे आहेत. खरं सांग, बाबा... तिथे त्याला मारीत होते काय रे?"

नाटकाचं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या मागे कोणीतरी हळूच घसा खाकरला.

"खाला, घरात कोण आहे?"

"कोण असणार? मी एकटीच."