आधी साबण, मग ॲसिड

माझी बायको माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं — "अहो, तुम्ही जिवंत आहात का?"

मी पालथा पडलो होतो. गरम पाण्याच्या टबाच्या कडेला एक झाकण असतं, त्याच्या खाली खोल खाचेत फिल्टर बसवलेला असतो. तो काढायचा तर खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. मी ओल्या फरशीला गाल टेकवून तेच करत होतो. दारातून येणाऱ्याला फक्त माझी पाठ आणि तंगड्या दिसत होत्या.

"आहे," मी म्हटलं.

"मग हलत का नाही?"

"हललो तर फिल्टर हातातून सुटेल."

"बरं बाई. आमचा पहिलाच दिवस, आणि आल्या आल्या मढं बघायला लागतंय की काय, असं वाटलं."

मी फिल्टर घेऊन उठलो. समोर एक उंच मुलगी, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. तिच्या मागे काठी टेकत तिचे वडील. ते म्हणाले, "अगं, त्यांना काम तर करू दे." ती म्हणाली, "मी कुठे अडवलंय? जिवंत आहेत तर करू देत की."

गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांसाठीचं ते उपचार केंद्र होतं. तळघरात तीन टब. पाणी गरम ठेवणं, त्यात जंतू मारायचं औषध घालणं आणि फिल्टर धुणं हे माझं काम. तिचे वडील शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. चाळीस वर्षं पायमशीन चालवून त्यांचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी रोज अर्धा तास गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं. ती त्यांना रोज चार वाजता घेऊन यायची. ते टबात, ती बाहेर बाकावर. आणि मी... मला चार वाजता त्या बाकाजवळच काहीतरी काम निघायचं.

तिला कापडातलं सगळं कळायचं. एकदा तिने माझ्या हातातला फिल्टर घेतला. तो पांढऱ्या जाड कापडाचा, गोल, उभ्या बारीक घड्यांचा असतो. तिने घड्यांवरून अंगठा फिरवला.

"कोणी घातल्यात या? एकसारख्या आहेत."

"कारखान्यात घालतात."

"असा झगा शिवला तर घालणारीला जन्मभर उभंच राहावं लागेल."

"तुम्ही शिवा, मी धुवून देईन."

"आधी घालणारी शोधा," ती म्हणाली, आणि टबाकडे बघत बसली. तिचे कान लाल झाले होते. वाफेनेही होतात, म्हणून मी त्याचा अर्थ लावला नाही. म्हणजे लावला, पण कोणाला सांगितला नाही.

मास्तर टबातून ओरडले, "इथे पाण्यात मी शिजतोय आणि तुम्ही दोघं कापडावर बोलताय होय?"

असे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मी रोज दाढी केली.

आता फिल्टर धुण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आठवड्याला फिल्टर नुसता पाण्याच्या धारेने धुतात. पण महिन्याला तो साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचा. माणसांच्या अंगाचं तेल, लावलेली मलमं, सगळं कापडात मुरलेलं असतं, ते साबणानेच सुटतं. मग घडी न् घडी धुवायची. त्यानंतर पातळ ॲसिड, म्हणजे पाण्यातले पांढरे क्षार निघतात. मग दिवसभर वाळवायचा. तोवर टबात दुसरा जोड असतो. आधी साबण, मग ॲसिड. उलट केलं तर तेल कापडात कायमचं बसतं. वरून फिल्टर दुधासारखा पांढरा दिसतो, पण आतून बुजलेला असतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्या महिन्यात आमचा दुसरा जोड फाटला होता. मॅनेजर नुसतं "मागवू, मागवू" म्हणत होते. फिल्टर नीट धुवायचे तर टब एक दिवस बंद ठेवावे लागणार होते. आणि टब बंद म्हणजे ती येणार नाही.

एक दिवस. एवढ्यासाठी मी साबण टाळला. तिन्ही फिल्टर सरळ ॲसिडमध्ये घातले. वीस मिनिटांत पांढरेशुभ्र. चार वाजता मी एक तिला दाखवलासुद्धा.

"नवा आणलात?"

"जुनाच आहे. हाताची कमाल."

"बघू हात."

मी हात पुढे केला. ॲसिडने बोटांची सालं निघाली होती. तिने माझं बोट धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं. "कमाल कसली... हे काय करून घेतलंत? उद्या मलम आणते." दुसऱ्या दिवशी तिने ते आणलं आणि एकेका बोटाला लावून दिलं. मास्तर डोळे मिटून पाण्यात बसले होते. मिटलेले डोळे जरा जास्तच घट्ट होते.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. असं लिहिताना लाज वाटते, पण होता.

पाचव्या दिवशी पंपाचा आवाज बदलला. ओढून श्वास घेणाऱ्या माणसासारखा यायला लागला. मला लगेच कळलं. आठव्या दिवशी पाणी गढूळसर दिसायला लागलं, वर बारीक फेस. मी औषध दुप्पट टाकलं, फेस जाळीने काढला, पाणी पुन्हा वरून स्वच्छ दिसलं आणि मी गप्प राहिलो. नवे फिल्टर येईपर्यंत निभेल, असं स्वतःला सांगत राहिलो. चार वाजता मास्तर त्या पाण्यात उतरायचे. मी बघायचो. ती मला चिडवायची, "आज तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

मग दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या शिवणाच्या दुकानापाशी चौकशी केली, तेव्हा कळलं, मास्तर दवाखान्यात आहेत. मी धावत गेलो. ती वॉर्डबाहेर उभी होती. ताप उतरत नव्हता, छाती भरली होती.

मला बघून ती रडली. तोवर ती रडली नसावी.

"डॉक्टर विचारत होते, कुठे गरम पाण्यात, वाफेत बसतात का? अशा पाण्यातले जंतू वाफेबरोबर छातीत जातात म्हणे. मी सांगितलं, बसतात, पण तिथलं पाणी अगदी स्वच्छ असतं. तिथला माणूस जीव ओतून काम करतो, मी स्वतः बघितलंय."

मी तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तिने माझी बाही धरली होती... ती सुटेल, एवढंच मला कळत होतं. "येतो मी," म्हणालो आणि तिथून निघालो.

केंद्रात गेलो तर दोन बायका टबात उतरायच्या तयारीत होत्या. मी त्यांना थांबवलं. तिन्ही टबांचं पाणी सोडून दिलं. मॅनेजर खाली आले, टब रिकामे होताना बघत म्हणाले, "डोकं फिरलंय का? पाणी स्वच्छ दिसतंय की!" मी म्हटलं, "दिसतंय." ते म्हणाले, "बाहेर कुठे बोललास तर उद्यापासून येऊ नकोस." मी एक फिल्टर पिशवीत घातला आणि परत दवाखान्याकडे निघालो. या सगळ्यात दीड तास गेला. तो दीड तास डॉक्टर चुकीचं औषध देत होते. सव्वीस वर्षं झाली, तो दीड तास अजून माझ्या अंगावर आहे.

मी आधी डॉक्टरांना गाठलं, सगळं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे औषध बदललं. मग तिच्यासमोर उभा राहिलो आणि पिशवीतून फिल्टर काढला. तिने अंगठा घड्यांवरून फिरवला, मग घडी दाबून पाहिली.

"तेल बसलंय," ती म्हणाली. "वरून पांढरा आणि आत तेल. साबण लावला नाही?"

"नाही."

"का?"

"टब एक दिवस बंद ठेवावे लागले असते."

"मग ठेवायचे."

"ठेवले असते तर... तुम्ही त्या दिवशी आला नसता."

 वॉर्डमधून मास्तरांचा श्वास ऐकू येत होता.

"असं सांगतात होय प्रेम?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "माझ्या बापाचा श्वास अडकवून?"

 तिने फिल्टर माझ्या हातात दिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मास्तर वाचले. पण अर्धेच. जिन्याच्या तीन पायऱ्या चढल्या की दम लागायचा, आणि घर तळमजल्यावर, दुकान पहिल्या मजल्यावर. कात्री हातात नसली की ते जेवायचे नाहीत, असं शेजारच्या पानवाल्याने मला सांगितलं. माझी नोकरी गेली होती. दुसरीकडे दुपारची मिळाली होती, सकाळ मोकळी होती. एका सकाळी नऊ वाजता मी त्यांच्या जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. मास्तर खुर्चीवर बसले होते, ती किल्ल्या घेऊन उभी होती. मी पाठ वाकवली.

ती म्हणाली, "काही गरज नाही."

मास्तर म्हणाले, "तुला नसेल. मला आहे." आणि माझ्या पाठीवर बसले.

मग रोज सकाळी वर, रोज एक वाजता खाली. सात महिने. ती माझ्याशी बोलत नव्हती. बोलायचंच असेल तर मास्तरांमार्फत.

"बाबा, त्यांना सांगा, हळू चढा."

"ऐकलंस का रे? हळू."

"मास्तर, त्यांना सांगा, हळू चढलो तर तुम्हाला जास्त वेळ लोंबकळावं लागतं."

"पोरी, तो म्हणतो —"

"मला ऐकू येतं, बाबा."

"मग मला मध्ये कशाला घालता? मला श्वास पुरत नाही, आणि वरून तुमचे निरोप!"

एकदा जिन्यात ती पुढे होती. मी पाहिलं, तिचे खांदे हलत होते. हसत होती. वर पोचल्यावर पुन्हा तोंड फिरवून बसली.

थंडीत मास्तर गेले. रात्री झोपेत. त्यांना शेवटचं उचललं तेव्हा ते पहिल्या दिवसाच्या निम्मेही भरले नाहीत.

सगळं आटोपलं. दुकान उघडलं त्या सकाळी नऊ वाजता मी जिन्याखाली उभा होतो. कशाला आलो, हे माझं मलाच माहीत नव्हतं. पाय आले होते. ती किल्ल्या घेऊन आली. रिकामी खुर्ची अजून तिथेच होती.

"आता कोणाला उचलायला आलात?"

"कोणाला नाही."

"मग?"

"...माहीत नाही. नऊ वाजले होते."

ती दोन पायऱ्या चढली आणि तिथेच बसली. किल्ल्या मांडीवर ठेवल्या. 

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"नका करू."

"नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाहीये. खरंच केलेलं नाही. बाबा खोकायचे तेव्हा मी तुमचं वाईट चिंतायची. आणि नऊला पाच मिनिटं असली की खिडकीत यायची. एकाच दिवशी दोन्ही." तिने ओढणीने नाक पुसलं. "यावर तुमच्याकडे काही औषध आहे?"

"नाही."

"खोटं तरी बोला."

"आता नाही बोलणार."

तिने मांडीवरच्या किल्ल्या मुठीत घेतल्या. मग म्हणाली, "माफ न करता लग्न करता येतं का हो कोणाशी?"

 मी म्हटलं, "करून बघू."

पंचवीस वर्षं करून बघितलं. तिने दुकान चालवलं, मी लोकांचे टब. कधी भांडण झालं तर ती काहीही काढायची, माझी आई, माझं घोरणं, पण ती गोष्ट तिने एकदाही काढली नाही. तेच मला जड जायचं. काढली असती तर उत्तर देता आलं असतं.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं, चार महिने पुरलं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती शुद्धीवर होती, स्वच्छ बोलत होती. माझी बोटं हातात घेऊन बसली होती. तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं, की आता तरी केलंस का माफ?

तिला खोटं बोलता येत नव्हतं. जे असेल तेच तिने सांगितलं असतं.

म्हणून मी विचारलं नाही. उशी सारखी केली, आणि तिने माझा हात तसाच धरून ठेवला.