डॉक्टरांची दोन बोटं

रॉड छातीवर टेकला आणि काही केल्या वर जाईना, तेव्हा कंडक्टरबाईंच्या लक्षात आलं की आपण चांगल्याच अडकलोय. सगळी नोकरी त्यांनी धावत्या बसमध्ये उभ्याने काढली होती, आणि निवृत्तीनंतर जिममधल्या बाकावर आडवं पडून ही अशी फजिती! ओरडावं, तर सगळी तरुण मंडळी धावत येतील…

तेवढ्यात वरून एक चेहरा डोकावला. उलटा. पांढऱ्या मिश्या, चष्मा, आणि हसू दाबणारे डोळे.

“मदत करू?”

“नको,” बाई म्हणाल्या.

“बरं. मग गप्पा मारू या?” गृहस्थ शेजारच्या बाकावर ऐसपैस बसले. “मी दातांचा डॉक्टर होतो. लोक माझ्यापुढे असेच आडवे पडायचे, पण अशा अवस्थेत मला ‘नको’ म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

बाईंना हसू फुटलं, आणि छातीवर वजन असताना हसू नये हेही लगेच कळलं. “अहो, घ्या आता!”

जिमच्या कोचबाईंनी मग दोघांची जोडीच लावून दिली. एकाने उचलायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून रॉडजवळ हात तयार ठेवायचे. नियम एकच – उचलणारा ‘घ्या’ म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

बाई काही हौसेने जिमला येत नव्हत्या. मध्यंतरी त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना. शेजारणीने किल्ली आणून दार उघडलं तेव्हा कुठे सुटका झाली. मुलगा परगावाहून धावत आला आणि म्हणाला, “आई, हे घर विकू. तू आता माझ्याकडे चल.” घर बाईंनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं! त्या म्हणाल्या, “सुट्टीत ये. कशालाही न धरता जमिनीवरून उठून दाखवते. नाही जमलं, तर बॅग भरते.”

आणि काय सांगावं, जमायला लागलं! खांद्यावर रॉड घेऊन गुडघ्यांत वाकायचं आणि उठायचं, हा त्यांचा लाडका व्यायाम झाला. रॉडला नवी प्लेट चढली की बाईंना आभाळ ठेंगणं व्हायचं. मागून डॉक्टर “वा! क्या बात है!” म्हणायचे, आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं… वजनांनी चढलं नसेल एवढं.

“आज काय काय उचलणार?” डॉक्टर विचारत.

“तुमचे नखरे सोडून सगळं.”

“नखरे? मी तर गरीब माणूस!”

“गरीब माणूस जिमला येताना मिशीला कात्री लावत नाही, अत्तर तर मुळीच लावत नाही.”

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. बाईंनी स्वतः नवे लाल बूट घेतले होते, त्याबद्दल मात्र त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

मग एक दिवस रॉड असा अलगद वर गेला की बाई हरखल्या. त्यांनी कौतुकाने बाजूच्या आरशात पाहिलं, आणि त्यांचा पारा चढला. रॉडखाली डॉक्टरांची दोन बोटं!

रॉड जागेवर ठेवून त्या गर्रकन वळल्या. “डॉक्टर, बोटं!”

“कुठली बोटं?”

“बिनतिकीट सापडलेला माणूससुद्धा असाच ‘कुठलं तिकीट’ विचारतो!”

“सवय हो…” डॉक्टर पुटपुटले. “पेशंटला सांगायचं की अजून काही करत नाहीये, आणि हळूच दात काढून मोकळं व्हायचं. तुमचे हाल मला बघवत नाहीत –”

“म्हणजे इतके दिवस मी किती उचललं, आणि तुम्ही किती?”

डॉक्टर चष्मा काढून पुसू लागले. बाईंचे डोळे भरून आले. “मी त्याच भरवशावर मुलासमोर बसले असते. उठता आलं नसतं. घर गेलं असतं माझं… तुमच्या दोन बोटांपायी!”

त्यांनी प्लेटा उतरवल्या आणि कोचबाईंबरोबर हलक्या वजनापासून पुन्हा सुरुवात केली. डॉक्टर लांब कोपऱ्यात चालण्याच्या पट्ट्यावर तोंड पाडून चालत राहिले. बाईंना राग होताच. पण पाठीमागून “वा!” ऐकू येत नाही, हे त्याहून जास्त सलत होतं.

काही दिवसांनी डॉक्टर समोर आले. “रॉडमागे कोचबाई उभ्या राहतील. मी नुसता समोर उभा राहतो, हात मागे बांधून. चालेल?”

“बघू.”

बाई वाकल्या. मांड्या थरथरल्या, घाम डोळ्यांत गेला… आणि त्या उठल्या! पूर्ण, एकट्याने! डॉक्टर ओठ चावून पांढरेफटक पडले होते.

“श्वास घ्या हो,” बाई म्हणाल्या, आणि दोघंही खळखळून हसले.

मुलगा आला त्या दिवशी बाईंनी डॉक्टरांनाही घरी बोलावलं. बैठकीच्या खोलीत त्या ऐटीत जमिनीवर बसल्या. एक गुडघा टेकला, पाऊल रोवलं… आणि धप्पकन मागे बसल्या. मुलगा पुढे धावला.

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण हात खिशात घट्ट होते. “त्यांनी बोलावलेलं नाही आपल्याला.”

बाईंनी दात-ओठ खाल्ले. पाऊल पुन्हा रोवलं. आणि उठल्या! नुसत्या उठल्या नाहीत, उभ्या राहून कमरेवर हात ठेवला.

“आई!” मुलाने त्यांना मिठीच मारली. “राहा बाई तुझ्या घरात. हरलो मी.”

डॉक्टर दाराशी जाऊन बूट घालू लागले. “झालं तुमचं काम. आता जोडीदार लागायचा नाही…” ते एका बुटापाशीच अडले. “माझं मात्र अवघड झालंय. सकाळी जाग आली की आधी तुम्ही आठवता. आवडता तुम्ही मला. फार आवडता.”

बाईंची छाती धडधडत होती, आणि हे काही व्यायामामुळे नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. “धरा.”

“पण तुम्हाला तर आता आधार –”

“नकोय. म्हणूनच धरा म्हणतेय.”

डॉक्टरांनी एका पायात बूट असतानाच हात धरला. मुलगा “चहा टाकतो” म्हणत स्वयंपाकघरात पळाला. चहा होऊन निवला, तरी कंडक्टरबाईंनी तो हात काही सोडला नाही.